मालदीवला दिलेला शब्द ढाक्यालाही द्या

प्रति,
मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटी करणारे अधिकारी,
वाणिज्य मंत्रालय आणि परराष्ट्र मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय: शेजारी देशांशी होणाऱ्या करारांत निर्यातीची लेखी हमी घालण्याबाबत

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

5 एप्रिल 2024 चा एक सरकारी कागद मी मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना आहे ती. मालदीवला 2024-25 या वर्षात भारतातून काय आणि किती नेता येईल, याचे आकडे तिच्यात दिलेत. तांदूळ 1,24,218 टन. गव्हाचं पीठ 1,09,162 टन. साखर 64,494 टन. अंडी पावणेत्रेचाळीस कोटी. आणि कांदा 35,749 टन.

त्या दिवशी देशात कांद्याची निर्यातबंदी होती. डिसेंबरपासून दारं बंद होती. मार्चअखेर उघडतील असं सांगून मार्चमध्येच ती बेमुदत वाढवली गेली होती, आणि इकडे उन्हाळ कांद्याची काढणी जोरात होती. तरी मालदीवचा कांदा सुटला. बरं, तेव्हा माले आणि दिल्लीचं फार गूळपीठ होतं असंही नाही. ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आलेलं सरकार तिथे बसलं होतं, आपल्या जवानांनी कधीपर्यंत बेटं सोडायची याची तारीख ठरली होती, आणि सोशल मीडियावर लक्षद्वीप विरुद्ध मालदीव असा सामना रंगून गेला होता. एवढं होऊनही कांदा गेला. कारण 1981 च्या व्यापार करारात दरवर्षी ठरावीक जिन्नस देण्याची सोय आहे आणि ती आपण मोडली नाही. उलट ही व्यवस्था सुरू झाल्यापासूनचे हे सर्वांत मोठे आकडे आहेत, असं आपल्याच उच्चायुक्तालयानं जाहीर केलं.

गावात पारावर हा कागद वाचून दाखवला तेव्हा मंडळी चिडली. आमचा कांदा साठवणीच्या चाळीत सडतोय आणि त्यांना कसला कोटा, असा सूर. मला मात्र बरं वाटलं. कांद्याबाबत दिल्ली एखादा शब्द देऊ शकते आणि अडचणीच्या वर्षातही तो पाळू शकते, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

या पत्रातली मागणी एवढीच आहे: मालदीवला जे दिलंत, ते बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळलाही करारात लिहून द्या. आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून काय घ्यायचं, तेही पुढे सांगतो. कारण फुकट काही द्या असं शेतकरी सांगत नसतो.

मी निफाड तालुक्यातला. निम्म्या रानात द्राक्षं, निम्म्यात कांदा. व्यापार खुला असावा या मताचा मी लहानपणापासून आहे, कारण घरात वारं तेच होतं. 1980 च्या कांदा-ऊस आंदोलनात वडील रस्त्यावर बसले होते. पुढे जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावावरून देशभर काहूर उठलं, शेती बुडेल म्हणून मोर्चे निघाले, तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी उलट्या दिशेनं उभे राहिले. शेतकऱ्याला जगाचा बाजार हवाच आहे, त्याला अडवतं ते आपलंच सरकार, असं ते सांगत होते. वडील ते ऐकून यायचे आणि आम्हाला सांगायचे. तेव्हा मुक्त व्यापार करार म्हटला की छातीत धस्स होणाऱ्यांपैकी मी नाही. आपण केलेल्या कामाचा मी लाभार्थीच आहे म्हणा ना.

संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार 1 मे 2022 पासून लागू झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी मार्च 2024 मध्ये सह्या झाल्या, ब्रिटनशी 24 जुलै 2025 ला. युरोपीय संघाशी 2007 मध्ये सुरू झालेली बोलणी 2013 ला थंडावली होती, ती 2022 मध्ये आपण पुन्हा उभी केलीत. याचं मोल द्राक्षवाल्याला विचारा. युरोपच्या बाजारात चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं शुल्क न भरता उतरायची आणि आमची भरून. 2010 साली एका संजीवकाचा अंश सापडला म्हणून आमचे कंटेनर रॉटरडॅमला अडकले, तेव्हा आम्ही रडलो, पण शिकलोही. आज कुठल्या प्लॉटवर कोणती फवारणी कधी झाली हे ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर दिसतं. लांबच्या गिऱ्हाइकानं नियम कडक लावले, पण आधी लिहून दिले. त्यामुळे पाळता आले.

आता नकाशा जवळ ओढून बघा.

श्रीलंकेशी आपला करार डिसेंबर 1998 चा, लागू झाला मार्च 2000 मध्ये. त्याचा विस्तार करण्याची बोलणी तेव्हापासून नावं बदलत चालू आहेत. सार्क देशांचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, 2006 पासून लागू आहे, पण सार्कची शेवटची शिखर परिषद काठमांडूला झाली ती नोव्हेंबर 2014 मध्ये. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट म्हणजे बिमस्टेक; त्याच्या मुक्त व्यापाराचा आराखडा करार 2004 चा. तो आराखडाच राहिला. दक्षिण आशियातले देश एकूण शंभर रुपयांचा व्यापार करत असतील तर त्यातले जेमतेम पाच रुपये आपापसातले असतात, असं जागतिक बँक वर्षानुवर्षं सांगते आहे. आग्नेय आशियात हाच आकडा पंचविसाच्या आसपास आहे. पाकिस्तानचं कारण वेगळं आहे, ते मला कळतं आणि त्यावर इथे बोलायचं नाही. पण ढाका, कोलंबो, काठमांडू यांच्याबाबत पाकिस्तानचं कारण पुढे करता येणार नाही. ‘शेजारी प्रथम’ हे धोरण आपलंच आहे.

आमच्यासाठी शेजारी म्हणजे काय, ते सांगतो. खळ्यावर कांद्याची प्रतवारी होते तेव्हा मोठा गोळा एका देशाला जातो, मध्यम दुसऱ्या. बांगलादेश हा कित्येक वर्षं आमचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक राहिला. गाडी नाशिकहून निघते, चार-पाच दिवसांत बंगालमधल्या घोजाडांगा किंवा महदीपूरच्या नाक्यावर पोहोचते. माल थंड ठेवणारा रिफर कंटेनर लागत नाही, बोट लागत नाही. 2020 च्या टाळेबंदीत रस्ते बंद होते तेव्हा लासलगाव स्टेशनातून मालगाडीनं कांदा थेट सरहद्दीपलीकडच्या दर्शनापर्यंत गेला. एवढ्या जवळचं, एवढं मोठं गिऱ्हाईक. आणि त्याच्याशी आपण कसे वागलो?

29 सप्टेंबर 2019: निर्यातबंदी. 14 सप्टेंबर 2020: पुन्हा. 19 ऑगस्ट 2023: 40 टक्के निर्यात शुल्क. 28 ऑक्टोबर 2023: टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य. 8 डिसेंबर 2023: पुरती बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क निम्म्यावर आलं, 1 एप्रिल 2025 ला गेलं. (पंचांग काढून बघितलंत तर यातले बरेच दिवस शनिवार-रविवार निघतील. सोमवारच्या लिलावाला शेतकरी ट्रॉली घेऊन येतो, तेव्हा भाव आधीच पडलेला असतो. आमच्याकडे आता शनिवारी रात्री फोन वाजला की लोक दचकतात.) यातल्या बंदीच्या आदेशांत दोन शब्द हमखास असतात, ‘तत्काळ प्रभावाने’. या दोन शब्दांनी आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं गारपिटीनंही केलं नसेल, असं मी भांडायला नाही, हिशेब मांडून म्हणतो. गारपिटीनं एका हंगामाचं पीक जातं, गिऱ्हाईक जात नाही.

2019 ची बंदी लागली आणि त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. त्यांनी भर सभेत हिंदीतून हसत हसत सांगितलं की कांदा का बंद केलात कळलं नाही, मी तर स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आता बिनकांद्याचं कर. आणि जरा आधी कळवलं असतं तर दुसरीकडून आणला असता. सभागृह हसलं. आपल्याकडच्या बातम्यांतही तो विनोद म्हणूनच आला. मला तो विनोद वाटला नाही. पाहुणी आपल्या घरी येऊन, आवाज न चढवता, तुम्ही भरवशाचे नाही असं सांगून गेली होती. त्यानंतर ढाक्यात कांदा किलोला 200 टाक्यांवर (टाका हे तिथलं चलन) गेला आणि त्यांनी इजिप्त, तुर्कस्तानातून मागवला, विमानानंसुद्धा.

पुढच्याच वर्षी तसंच. 14 सप्टेंबर 2020 ला बंदी आली तेव्हा शेकडो गाड्या सरहद्दीवर उभ्या होत्या. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या तीन होत्या. कागदपत्रं झालेली, पैसे ठरलेले, फक्त नाका ओलांडायचा बाकी. ताडपत्रीखाली सप्टेंबरचा दमट बंगाल आणि आत कांदा. पाचव्या दिवशी ड्रायव्हरनं फोन केला की शेठ, गाडीखाली पाणी गळतंय. नंतर सरकारनं बांगलादेशला 25,000 टन सोडायला परवानगी दिली. तोवर त्याच्या तिन्ही गाड्यांतला माल फेकण्याच्या लायकीचा झाला होता. पलीकडच्या आयातदारानं आगाऊ दिलेले पैसे परत मागितले, ते त्यानं दिले. आज तो मक्याचा व्यापार करतो.

त्याच 2020 च्या ऑक्टोबरात आपण कांद्याच्या बियाण्याचीही निर्यात थांबवली. ही गोष्ट फार कुणाच्या लक्षात नाही. पण गिऱ्हाईक ज्या दिवशी तुमच्याकडे माल सोडून बी मागायला लागतं, त्याच दिवशी समजायचं की ते हातचं चाललं. बांगलादेशनं स्वतःचं उत्पादन वाढवायचं ठरवलं आणि वाढवलं. बिगरमोसमी कांद्यासाठी त्यांच्या कृषी खात्यानं शेतकऱ्यांना जे बियाणं वाटलं, त्यात एक वाण होतं ‘नासिक एन-53’. नावातच गाव आहे. आमच्याच मातीतलं वाण पद्मेच्या काठी वाढतंय, याचा अभिमान वाटावा की पोटात गोळा यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी फक्त दिल्लीकडेच बोट दाखवतोय असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. आपण टंचाईच्या दिवसांत दार लावतो, ते त्यांच्या सुगीच्या दिवसांत लावतात. त्यांचं पीक निघालं की आयातीचे परवाने देणं थांबतं. मार्च 2023 मध्ये तसं झालं आणि जूनपर्यंत त्यांचं दार बंदच राहिलं. नेमका तोच काळ आमच्याकडे कांदा कवडीमोल झाल्याचा. राज्य सरकारला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं, इतकी वाईट अवस्था. त्या भावपडीला एकटा बांगलादेश कारण होता असं मी म्हणत नाही; लाल कांद्याची आवकच प्रचंड होती. पण एवढ्या मालाला जाण्याची जवळची वाट नेमकी तेव्हाच बंद होती.

संत्र्याचंही तसंच. वरूड-मोर्शीकडची आमची पाहुणे मंडळी नेहमी सांगतात. विदर्भातला संत्रा बांगलादेशात जायचा, गाड्याच्या गाड्या. 2019 मध्ये किलोला 20 टाका असलेलं त्यांचं आयात शुल्क दरवर्षी चढत 2023 पर्यंत 88 टाक्यांवर गेलं. कारण त्यांच्या परकीय गंगाजळीचं असेल, महसुलाचं असेल, काहीही असेल. आपण त्यांना काय सांगू शकलो? अल्पविकसित देश म्हणून त्यांच्या जवळपास सगळ्या मालाला आपण 2011 पासून शुल्कमुक्त प्रवेश दिला होता, तेव्हा बोलायला तोंड होतं. पण कांद्यावर रातोरात 40 टक्के लावणाऱ्यानं संत्र्यावरच्या शुल्काबद्दल कुरकुर करायची तर कोणत्या तोंडानं?

आता सौदा सांगतो. शेजाऱ्यांशी करार करताना दोन्ही बाजूंनी महिने वाटून घ्यावेत. ऑगस्ट ते डिसेंबर या आपल्या नाजूक महिन्यांत आपण त्यांना ठरावीक टनांची हमी द्यायची. देशात बंदी लावायची वेळ आली तरी तेवढा माल जाणारच. बदल्यात फेब्रुवारी ते मे या आपल्या भरतीच्या महिन्यांत त्यांनी परवाने पूर्ण बंद करायचे नाहीत. ठरावीक टन घ्यायचेच. त्यांच्या शेतकऱ्याला सांभाळायला थोडं शुल्क लावावंसं वाटलं तर लावू देत, पण त्याची कमाल मर्यादा करारात असावी. कोटा किती, यावर भांडायला आपण बसलाच आहात. मला आकड्यापेक्षा त्याच्या शेजारची सही महत्त्वाची वाटते.

ही माझ्या सुपीक डोक्यातली कल्पना नाही. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्य मंत्र्यांच्या दिल्लीतल्या बैठकीत बांगलादेशनं स्वतःहून ही मागणी केली होती. तांदूळ, गहू, साखर, कांदा, लसूण, आलं असे जिन्नस मोजून, दरवर्षीचा कोटा ठरवून द्या, असं ते म्हणाले होते. मग ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्तांतर झालं आणि सगळंच बिनसलं. 8 एप्रिल 2025 ला आपल्या हद्दीतून तिसऱ्या देशांना माल पाठवण्याची त्यांची सवलत (ट्रान्सशिपमेंट) आपण काढून घेतली, त्यांनी जमिनीवरून येणारं आपलं सूत थांबवलं, 17 मे ला आपण त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद करून कोलकाता आणि न्हावा-शेवा ही दोनच बंदरं ठेवली. यात चूक कुणाची, हे ठरवण्याइतकं मला राजकारण कळत नाही. मालदीवशी बिनसलं असताना पीठ आणि कांदा मात्र त्या भांडणाबाहेर ठेवण्यात आला होता, एवढंच मला दिसतं. कारण तो लिहिलेला होता. बांगलादेशचा लिहिलेला नव्हता.

बंदीच्या काळातही आपण मित्रदेशांना कांदा देत होतो की, असं उत्तर येईल. देत होतो. एप्रिल 2024 मध्ये बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका अशा सहा देशांना मिळून 99,150 टनांना परवानगी होती, एका सरकारी सहकारी संस्थेमार्फत. पण ती मेहेरबानी होती. कोटा कधी सुटेल, किती सुटेल, कुणाकडून घेतला जाईल, हे ना पलीकडच्या आयातदाराला माहीत, ना अलीकडच्या शेतकऱ्याला. त्याच आठवड्यात गुजरातचा 2,000 टन पांढरा कांदा सोडल्याची अधिसूचना निघाली आणि आमच्याकडे नुसता भडका उडाला. मग दिल्लीला खुलासा करावा लागला की सहा देशांना जाणारा कांदा मुख्यतः महाराष्ट्राचाच आहे. ऐन निवडणुकीत खुलासे करत बसण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला कोटा जाहीर केला असता आणि तो शेतकरी कंपन्यांना खुल्या पद्धतीनं वाटला असता, तर कुणाला ओरडायला जागा राहिली नसती.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे, तो शहरातल्या गिऱ्हाइकाचा. कांदा शंभरीला गेला की सरकारं हलतात, हे आम्हीही पाहिलंय. पण आकडे बघा. 2022-23 मध्ये देशात सुमारे 302 लाख टन कांदा पिकला आणि निर्यात झाली सुमारे 25 लाख टन. शंभरातले आठ. 2023-24 मध्ये पीक घटून 242 लाख टनांवर आलं, आणि शुल्क, किमान मूल्य, बंदी सगळं लावूनही सुमारे 17 लाख टन बाहेर गेलंच. अशा ढिगातून शेजाऱ्यांसाठी लेखी हमी म्हणून दोन-तीन लाख टन बाजूला काढल्यानं दिल्ली-मुंबईतली भाजी महागते, हे मला कुणीतरी वहीवर मांडून दाखवावं. चाळीत सडून आणि वजन घटून जाणारा कांदा याहून कितीतरी जास्त असतो. त्यावर खर्च करा.

कायद्याच्या बाजूनं आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी एक गोष्ट मांडतो. टंचाईत अन्नधान्याची निर्यात तात्पुरती रोखण्याची मुभा गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराच्या अकराव्या कलमात आहे. ती राहू द्या. ती कुणीच सोडत नाही. पण जागतिक व्यापार संघटनेच्या शेती कराराचं बारावं कलम म्हणतं की अशी बंदी लावणाऱ्यानं आयातदार देशांचा विचार करावा, आधी कळवावं, चर्चा करावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे. मात्र त्या जिनसाचा जो निव्वळ निर्यातदार असेल त्याला सूट नाही. कांद्याचे आपण निव्वळ निर्यातदार नाही तर कोण आहोत? म्हणजे शेख हसीना दिल्लीत हसत हसत जे मागत होत्या, ते कागदावर आधीपासून लिहिलेलंच होतं. आपण आपल्या करारांत आयात शुल्काच्या यादीवर वर्षानुवर्षं खल करता, एकेका टक्क्यासाठी रात्री जागवता. निर्यात रोखण्याच्या कलमावर मात्र गॅटचा हवाला देऊन पुढचं पान उलटलं जातं. समोरचा शुल्क शून्यावर आणतो आणि आपण मालच सोडत नाही, अशा वेळी त्या शून्याचं आम्ही काय करायचं?

एक जुना प्रश्न मला कुणीतरी नक्की विचारेल, तुला शेजाऱ्याचा माल इकडे आलेला चालेल का? चालेल. त्याचाच असला तर. नेपाळात सोयाबीन किती पिकतं, आणि नेपाळहून साफ्टाच्या सवलतीत सोयाबीन तेल किती येतं, हा हिशेब लातूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तिसऱ्या देशाचं कच्चं तेल आणायचं, शुद्ध करायचं, शेजाऱ्याचा शिक्का मारून बिनशुल्क इकडे ढकलायचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी श्रीलंकेच्या वनस्पती तुपाचा तोच प्रकार झाला होता. उगमाचे नियम कडक करा, 2020 मध्ये सीमाशुल्क खात्याला तपासणीचे अधिकार दिलेत ते वापरा. पण या चोरवाटेच्या नावाखाली बांगलादेशच्या जामदानी कापडाला आणि हिलसा माशालाही अडवू नका.

आणि हमी लिहून देणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. 2021 मध्ये म्यानमारशी केलेल्या समझोत्यात आपण पाच वर्षं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचं लिहून दिलंत. मोझांबिकशी तुरीचा तसा समझोता 2016 मध्ये झाला होता. तिथल्या शेतकऱ्याला पाच वर्षांचा भरवसा देताना इथल्या तूरवाल्याला काय वाटेल याची फारशी चिंता झाली नाही. ठीक आहे, देशाला डाळ हवी होती. पण विकत घेण्याची पाच वर्षांची हमी म्यानमारला देता येते, तर विकण्याची एका हंगामाची हमी बांगलादेशला का देता येऊ नये, हे मला समजावून सांगावं.

हे सगळं आताच का लिहितो, तेही सांगतो. बांगलादेशनं अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरवली होती. ती यादी सुटली की आपण दिलेली शुल्कमाफीची सवलत आपोआप चालू राहणार नाही. त्यांना नव्यानं काहीतरी मागावं लागेल. सर्वंकष भागीदारी कराराचा संयुक्त अभ्यास 2022 मध्येच पूर्ण होऊन पडला आहे. मालदीवशी मुक्त व्यापाराची बोलणी जुलै 2025 मध्ये सुरू झाली. श्रीलंकेचं घोडं अजून पेंड खातंय. कधी नव्हे ते तिन्ही कागद एकाच वेळी आपल्या टेबलावर आहेत. ढाक्याला कपड्यांसाठी आपलं दार हवं आहे. त्यांच्या सूतगिरण्यांना कापूस आणि विणकरांना सूत हवं आहे. त्यांचं मागणं तयार आहे, आमचंही तयार आहे. संत्रा, कांदा, द्राक्षं, एवढीच छोटी यादी.

शेवटी व्यवहारातल्या दोन बारीक गोष्टी. बंदी किंवा शुल्क लावायचंच असेल तर तीस दिवस आधी सांगा. आणि ज्या मालाचा सौदा झाला, बिल फाटलं, गाडी भरली, तो माल अडवू नका. नाक्यावर उभ्या असलेल्या गाडीला तरी ‘तत्काळ प्रभावाने’मधून सोडा. याला परदेशी करारही लागत नाही, आपल्याच अधिसूचनेत एक ओळ वाढवावी लागते.

ऑक्टोबरात आम्ही उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकतो. किती वाफे टाकायचे ते अजून ठरलेलं नाही. एक एकर कमी करून मका करावा, असं थोरला म्हणतो; धाकट्याला वाटतं ढाक्याची वाट पुन्हा उघडेल. दोघंही माझ्याकडे बघतात. आपलं उत्तर सप्टेंबरअखेर आलं, तर बी घ्यायला पिंपळगावला जाण्याआधी त्यांना वाचून दाखवेन.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा-द्राक्ष उत्पादक